प्रवाह, फळा आणि होडी : ठाणे व उल्हास खाडीच्या संदर्भात ओढगळ मासेमारीच्या सज्जतेचा विचार

गोषवारा

लहान होडीच्या दोन्ही बाजूंना पाण्यावर तरंगणारे तिरकस फळे सोडून एकाच वेळी अनेक गळ ओढत नेण्याची पद्धत उत्तर अमेरिकेतील मोठ्या सरोवरांत प्रचलित आहे. या फळ्यांना तेथे ‘प्लॅनर बोर्ड’ म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील तत्त्व, लहान होडीची सज्जता आणि त्यातील धोके यांचे स्पष्टीकरण केले आहे. त्याचबरोबर ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील खाड्यांत ही पद्धत कितपत लागू पडेल, याचा डोल जाळ्याच्या स्थानिक परंपरेशी तुलना करून विचार केला आहे. साधन कितीही सोपे असले, तरी पाणी, मासा आणि मासेमाराचा हक्क या तीन गोष्टींच्या संदर्भाशिवाय त्याची उपयुक्तता ठरविता येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ओढगळ, तिरकस फळा, डोल, भरती-ओहोटी, उल्हास खाडी, लघुमच्छीमार

१. प्रस्तावना

ठाणे हे आज महानगर म्हणून ओळखले जात असले, तरी त्याची मूळ ओळख खाडीकाठचे बंदर अशी आहे. एका बाजूस मुंबई बंदरातून उत्तरेकडे शिरलेली ठाणे खाडी आणि दुसऱ्या बाजूस उल्हास नदीचे वसईकडे जाणारे खारे पात्र, अशा दोन जलप्रवाहांच्या सांध्यावर हे शहर वसले आहे. या दोन्ही पाण्यांना जोडणाऱ्या अरुंद प्रवाहामुळेच साष्टी हे भूगोलाच्या भाषेत बेट ठरते. उल्हासचे पात्र मागे डोंबिवली व कल्याणपर्यंत जाते आणि भरतीचे पाणीही तेथवर पोहोचते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश स्वराज्यात आल्यानंतर मराठी आरमाराची पायाभरणी याच खाडीच्या आश्रयाने झाली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १८५४ मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणकडे गेली तीही खाडीवर पूल बांधूनच.

या पाण्यावर जगणारा कोळी व आगरी समाज आजही चेंदणी, कोपरी, विटावा, कळवा, बाळकूम, कोलशेत, दिवा, मोठागाव अशा वस्त्यांतून दिसतो. मात्र गेल्या काही दशकांत खाडीतील मासळी घटल्याची त्याची तक्रार आहे. अशा वेळी ‘आधुनिक साधने द्या, म्हणजे उत्पन्न वाढेल’ असा सल्ला सहज दिला जातो. परदेशी मासेमारीची चित्रफीत आता प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर उपलब्ध असल्याने अशा साधनांविषयी तरुणांत कुतूहलही निर्माण झाले आहे. तिरकस फळ्यांच्या साह्याने केलेली ओढगळ मासेमारी हे असेच एक साधन होय. ते स्वस्त आहे, सुताराकडून करून घेता येते आणि लहान होडीवर बसविता येते. म्हणूनच त्याची शास्त्रीय चिकित्सा आवश्यक ठरते. साधन चुकीच्या पाण्यात वापरले गेले, तर त्यात केवळ इंधन आणि श्रम वाया जात नाहीत, तर होडीतील माणसांच्या जिवालाही धोका पोहोचू शकतो.

२. संज्ञांचा गोंधळ : ट्रॉल जाळे आणि ओढगळ

विषयाच्या आरंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. इंग्रजीत उच्चाराने जवळजवळ असणाऱ्या दोन संज्ञा मराठीत बहुधा ‘ट्रॉलिंग’ अशा एकाच रूपात लिहिल्या जातात. वस्तुतः त्या दोन अगदी भिन्न पद्धती आहेत. पहिलीत पिशवीच्या आकाराचे मोठे जाळे समुद्राच्या तळावरून किंवा मध्यजलातून ओढले जाते. मार्गात येणारी लहानमोठी सर्व मासळी त्यात गोळा होते. दुसरीत चालत्या होडीमागे गळ लावलेले तंगूस ओढले जाते आणि गळाच्या आमिषावर झडप घालणारा एखादा शिकारी मासाच त्यात सापडतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या पद्धतीसाठी ‘ओढगळ’ हा शब्द योजला आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात यांत्रिक ट्रॉल जाळ्यांवर निर्बंध आहेत. पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलरधारक यांच्यातील संघर्षाला मोठा इतिहास आहे. ज्या साधनावरून हा संघर्ष झाला त्याच नावाने एका निराळ्या, निवडक स्वरूपाच्या पद्धतीला ओळखले गेले, तर चर्चेत अकारण संभ्रम निर्माण होतो.

तथापि या दोन पद्धतींचे एक नाते मात्र खरे आहे, आणि ते भौतिकशास्त्रीय आहे. ट्रॉल जाळ्याचे तोंड पूर्वी एका आडव्या लाकडी तुळईने उघडे ठेवले जाई. तुळईच्या लांबीमुळे जाळ्याच्या आकारावर मर्यादा पडत असे. १८९४ च्या सुमारास स्कॉटलंडमधील ग्रँटन येथे तुळईऐवजी दोन तिरकस फळ्यांचा वापर सुरू झाला. पाण्याच्या दाबाने हे फळे एकमेकांपासून दूर जातात व जाळ्याचे तोंड पसरते. गळाच्या मासेमारीत वापरला जाणारा फळा याच कुळातील आहे. एकाच तत्त्वातून एकीकडे समुद्रतळ खरवडणारे साधन निर्माण झाले आणि दुसरीकडे एकेक मासा निवडून पकडणारे. तंत्र स्वतः निर्दोष वा सदोष नसते, त्याचा परिणाम ते कशाला जोडले आहे यावर अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

३. खाडीचे पाणी आणि डोलीचे शहाणपण

तिरकस फळा समजून घेण्यासाठी स्थानिक डोल जाळ्याचा आधार घेणे उपयुक्त ठरते, कारण दोन्ही साधने प्रवाहाच्या बळावर चालतात. डोल हे शंकूच्या आकाराचे लांब जाळे होय. त्याचे रुंद तोंड प्रवाहाच्या समोर राहील अशा रीतीने ते चिखलात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधले जाते. भरती वा ओहोटीचे पाणी जाळ्यातून वाहते आणि पाण्याबरोबर येणारी मासळी शेवटच्या बारीक आसाच्या खोल्यात साठते. पाण्याचा वेग मंदावून प्रवाह थांबण्याच्या बेतात आला, की जाळे उचलले जाते, कारण भर प्रवाहात त्यावर येणारा ताण माणसांना पेलवत नाही. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही डोलीची मुख्य मासळी. खाडीच्या आत हेच तत्त्व लहान आकाराच्या बोकशी जाळ्यात वापरले जाते.

या पद्धतीत होडी मासळीच्या मागे जात नाही. समुद्रच दिवसातून दोनदा आत येतो व दोनदा बाहेर जातो, आणि त्या येण्याजाण्याच्या वाटेवर जाळे उभे केले जाते. त्यामुळे प्रवाहाची वेळ व जोर यांचे ज्ञान हेच येथील खरे भांडवल ठरते. तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते, हा कोळ्यांचा पिढीजात हिशोब आहे. उदाहरणार्थ, चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. मुंबई बंदराच्या परिसरात हा हिशोब बऱ्याच अंशी जुळतो. खाडीत आत जावे तसतशी ही वेळ पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक मुंबई बंदरात चार मीटरांपेक्षाही अधिक होतो व प्रवाह जोरकस असतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. त्या वेळी प्रवाह मंद होतो आणि डोलीची मासळीही कमी होते.

थोडक्यात, डोलीत जाळे स्थिर असून पाणी वाहते. ओढगळीत पाणी स्थिर मानून होडी चालविली जाते. दोहोंत महत्त्वाचा असतो तो साधन आणि पाणी यांतील सापेक्ष वेग. हा मुद्दा पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

४. तिरकस फळ्याचे तत्त्व

साध्या ओढगळीत होडीच्या पिछाडीला दोन-तीन गळ लावता येतात. त्याहून अधिक लावल्यास तंगूस एकमेकांत गुंततात. शिवाय सर्व आमिषे होडीच्या मागच्या फेसाळ पाण्यातून जातात. उथळ पाण्यात यंत्राच्या आवाजाने मासा बाजूला सरकलेला असतो व आमिष मात्र तो जेथून गेला तेथूनच ओढले जाते. यावर उपाय म्हणजे आमिषे होडीच्या दोन्ही बाजूंना दूर पसरविणे. फळ्याचे कार्य एवढेच आहे.

लांबट फळा पाण्यात उभ्या कडेवर तरंगत ठेवला आणि त्याचे नाक प्रवासाच्या दिशेपेक्षा किंचित बाहेर वळविले, तर समोरून येणारे पाणी त्याच्या होडीकडील अंगावर आदळते. त्यामुळे फळ्यावर बाहेरच्या दिशेने जोर येतो. वाऱ्यात दोरीने धरलेला पतंग जसा वर चढतो, तसा हा फळा पाण्यात बाजूला ‘चढतो’. दोरीचा ताण आणि पाण्याचा जोर यांचा समतोल साधला, की तो होडीपासून ठरावीक अंतरावर, किंचित मागे राहून समांतर चालू लागतो.

येथे दोन गोष्टी निर्णायक असतात. पहिली म्हणजे कोन. फळ्याच्या आतल्या अंगाला पुढे व मागे अशा दोन आखूड दोऱ्या बांधून त्यांच्या जोडावर ओढदोर बांधतात. पुढची दोरी आखूड केली, की नाक होडीकडे वळते, कोन कमी होतो व खेच घटते. ती लांब केली, की कोन व खेच दोन्ही वाढतात. मात्र एका मर्यादेपलीकडे फळा पाणी कापण्याऐवजी ते अडवू लागतो आणि बाजूस जाण्याऐवजी मागे ओढला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणादाखल, पाण्यात बुडालेले एकूण ०.२४ चौरस मीटर क्षेत्रफळ असलेला जोडफळा ताशी सुमारे ४.३ किलोमीटर वेगाने ओढला आणि जोराचा गुणांक ०.५ धरला, तर येणारा जोर सुमारे ९ किलोग्रॅम वजनाइतका भरतो. वेग दीडपट, म्हणजे ताशी सुमारे ६.५ किलोमीटर केला, तर तोच जोर सव्वादोनपट होऊन सुमारे २० किलोग्रॅमवर जातो. वेगातील लहानसा बदल दोरीवर आणि होडीवर किती परिणाम करतो, हे या आकडेमोडीवरून लक्षात येते.

५. लहान होडीची सज्जता

फळ्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात वीतभर लांबीचा किंवा त्याहून थोडा मोठा फळा थेट गळाच्या तंगुसालाच चिमट्याने अडकविला जातो. यास डोलकाठी लागत नाही. प्रत्येक गळाला स्वतंत्र फळा असतो व मासा लागल्यावर तो फळ्यासह ओढून घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात पाऊण ते एक मीटर लांबीचे दोन समांतर फळे आडव्या दांड्यांनी जोडून एक जोडफळा करतात. तो होडीवरील काठीला बांधलेल्या स्वतंत्र ओढदोराने चालतो आणि एका ओढदोरावर अनेक गळ सोडता येतात. सज्जतेचा खरा प्रश्न या दुसऱ्या प्रकारातच उद्भवतो.

फळा. लाकडी फळ्याची पुढची कड तिरकी कापतात, म्हणजे ती पाण्यावर उचलली जाते. वरच्या कडेला तरंगणारा पदार्थ व खालच्या कडेला शिसे किंवा लोखंडी पट्टी बसविली, की फळा उभा राहतो. उजव्या व डाव्या बाजूंचे फळे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. एका बाजूचा फळा दुसऱ्या बाजूस लावल्यास तो होडीपासून दूर जाण्याऐवजी होडीकडे येतो. प्रत्येक फळ्यावर भडक रंगाचे निशाण लावणे ही सजावट नसून आवश्यक खबरदारी आहे. दूरवरून येणाऱ्या दुसऱ्या होडीला फळा दिसला नाही, तर ती ओढदोरावरून जाते.

काठी. ओढदोर काठावरून न सोडता उंचावरून सोडावा लागतो, कारण त्यावरून चिमटे खाली घसरत जावे लागतात व दोर लाटांना लागता कामा नये. त्यासाठी होडीच्या पुढील भागात, नाळेच्या मागे, दीड ते अडीच मीटर उंचीची काठी उभी करतात. लहान होडीत ही काठी केवळ आडव्या फळीला बांधून भागत नाही. तिचा बुंधा तळाशी खोबणीत बसलेला असावा आणि वरचे टोक मागे व बाजूंना ताणदोरांनी आवळलेले असावे. दोन्ही बाजूंचे ओढदोर गुंडाळण्यासाठी काठीवर स्वतंत्र चक्र असते. ओढदोर पंधरा ते तीस मीटर सोडला जातो.

स्थैर्य. वर काढलेला ९ किलोग्रॅमचा जोर पाण्यापासून दोन मीटर उंचीवर लागला, तर होडीला कलविणारा परिणाम साधारणतः दीड मीटर रुंद होडीच्या काठावर २४ किलोग्रॅम वजन ठेवल्याइतका होतो. २० किलोग्रॅमच्या जोरास तो ५३ किलोग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे जणू एक प्रौढ माणूस काठावर जाऊन बसतो. दोन्ही बाजूंचे फळे सोडलेले असताना हे परिणाम एकमेकांना तोलून धरतात. एक फळा अडकला किंवा त्याचा दोर तुटला, की तोल एकदम दुसरीकडे जातो. म्हणून ओढदोरात मुद्दाम एक कमकुवत जोड ठेवावा, दोर कापण्यासाठी धारदार सुरी हाताशी असावी आणि होडीतील प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे. सर्वच लहान होड्यांना हा नियम लागू असला, तरी येथे तो अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो.

गळ सोडण्याचा क्रम. होडी ठरावीक वेगाने सरळ चालू झाल्यावर प्रथम दोन्ही फळे सोडतात. त्यानंतर आमिष पाण्यात सोडून होडीमागे पंधरा ते तीस मीटर जाऊ देतात. मग तंगूस सुटणाऱ्या चिमट्यात धरून तो चिमटा ओढदोरावर अडकवितात. तंगूस सैल सोडले, की चिमटा दोरावरून घसरत फळ्याकडे जातो. हवे त्या अंतरावर तंगूस रोखून काठी खोबणीत उभी करतात. दुसरा गळ पहिल्यापासून पाच-सहा मीटर आत, तिसरा त्याहून आत, असा क्रम ठेवतात. सर्वांत बाहेरचे आमिष उथळ व आतले अधिक खोल चालेल अशी योजना असते. त्यामुळे बाहेरच्या गळाला मासा लागला, तर तो आतल्या तंगुसांच्या मागून व वरून निघून होडीमागे येतो. माशाने आमिष ओढताच चिमटा उघडतो, तंगूस ओढदोरापासून मुक्त होते आणि मासा कोणत्याही फळ्याच्या ओझ्याविना सरळ ओढून घेता येतो.

वेग व वळण. या पद्धतीत ताशी तीन ते सहा किलोमीटरच्या दरम्यानचा वेग सामान्यतः ठेवतात. बाहेर लावण्याचे यंत्र मंद गतीतही त्याहून जलद चालत असेल, तर मागे दोरीने बादली ओढून वेग कमी करता येतो. वळताना बाहेरच्या बाजूचा फळा जलद व आतल्या बाजूचा मंद होतो. वळण लहान घेतल्यास आतला फळा थांबतो, दोर ढिला पडतो आणि आमिषे तळाशी बसतात. म्हणून वळण नेहमी प्रशस्त असावे लागते, आणि त्यासाठी मोकळे पाणी लागते.

६. ठाणे व उल्हास खाडीतील उपयोजन : मर्यादा

वरील सज्जता मोठ्या सरोवरांच्या मोकळ्या, तुलनेने स्वच्छ व स्थिर पाण्यासाठी विकसित झाली आहे. खाडीत तिचा विचार करताना चार अडचणी ठळकपणे समोर येतात.

पहिली अडचण जागेची आहे. दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर दोर सोडला, तर होडी पाण्याचा सुमारे चाळीस मीटर रुंदीचा पट्टा व्यापते. खाडीत पुलांचे खांब, डोलीचे खुंट, गिलजाळी, रेतीच्या बोटी व तरी यांची वर्दळ असते. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे. जलवाहतूक वाढल्यास ही दाटी आणखी वाढेल. दुसऱ्याच्या जाळ्यात अडकलेला फळा हा केवळ अपघात राहत नाही, तो वस्त्यांमधील तंट्याचे कारण बनतो.

दुसरी अडचण प्रवाहाची आहे. फळा होडीच्या जमिनीसापेक्ष वेगावर नव्हे, तर पाण्यासापेक्ष वेगावर चालतो. ओहोटीचा प्रवाह ताशी तीन किलोमीटर असेल आणि होडी पाण्यातून ताशी चार किलोमीटर चालत असेल, तर प्रवाहाविरुद्ध ती काठाच्या तुलनेत ताशी एकच किलोमीटर पुढे सरकते. प्रवाहाबरोबर मात्र ताशी सात किलोमीटरने जाते. फळ्यांचे वर्तन दोन्ही वेळा सारखेच राहते, परंतु दुसऱ्या स्थितीत पुलाचा खांब किंवा खुंट सातपट वेगाने जवळ येतो. सरोवरात सराव केलेल्या व्यक्तीला या फरकाची कल्पना नसते. तांडेलाला ती जन्मजात असते.

तिसरी अडचण गढूळपणाची. ओढगळीतील कृत्रिम आमिष माशाला दिसावे किंवा त्याचे कंपन जाणवावे लागते. भरती-ओहोटीने सतत ढवळला जाणारा गाळ आणि पावसाळ्यात उल्हासमधून येणारे लाल पाणी यांत आमिष फार जवळूनच जाणवू शकते. त्यात भर पडते ती प्लास्टिकची. तरंगणारी पिशवी चिमट्यावर अडकली, की चिमटा उघडतो. आमिषावर अडकली, की ते फिरेनासे होते.

चौथी अडचण सर्वांत मूलभूत आहे, आणि ती म्हणजे मासळीची. खाडीतील उपजीविका ज्या मासळीवर उभी आहे ती जवळा, करंदी, मांदेली, बोय, निवटी, चिंबोरी यांपैकी जवळजवळ काहीही ओढत्या आमिषावर येत नाही. झडप घालणाऱ्या माशांत खाडीपुरता विचार करता जिताडा हाच प्रमुख उमेदवार होय. ऑस्ट्रेलियातील खाड्यांत याच जातीचा मासा ओढगळीने पकडला जातो. तथापि तो दाट वस्तीने राहणारा मासा नसून खांब, खडक, कांदळवनाची मुळे यांच्या आडोशाला दबा धरून बसतो. म्हणजे जेथे तो असतो, तेथेच चाळीस मीटर रुंदीची सज्जता नेणे अशक्य असते. सुरमई, कुपा यांसारखी ओढगळीला अनुकूल मासळी खाडीबाहेरील खुल्या समुद्रात आढळते. तेथे पाच-सहा मीटर लांबीच्या खाडीतील होडीने जाणे सुरक्षित नाही.

यावरून निष्पन्न होते ते असे, की तिरकस फळ्यांची पूर्ण सज्जता कल्याण-डोंबिवली वा ठाण्याच्या खाडीतील मच्छीमारास उपजीविकेचे मुख्य साधन म्हणून सुचविणे योग्य ठरणार नाही. वसई खाडीच्या मुखाबाहेरील मोठ्या नौकांना पावसाळ्यानंतर पाणी निवळल्यावर पूरक साधन म्हणून तिचा उपयोग तपासून पाहता येईल. तेथेही यांत्रिक नौकांसाठी असलेली १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी पाळावीच लागेल.

७. एक शक्यता : नांगरलेली होडी आणि वाहते पाणी

तथापि तत्त्वाच्या पातळीवर एक शक्यता विचारात घेण्याजोगी आहे. फळ्याला केवळ सापेक्ष वेग हवा असतो. होडी चालो वा पाणी वाहो, त्याला दोन्ही सारखेच. काही देशांत वाहत्या नदीच्या काठावर उभे राहून किंवा नांगरलेल्या होडीतून लहान फळा प्रवाहात सोडण्याची पद्धत आहे. प्रवाहच त्याला काठापासून दूर नेतो. खाडीत ओहोटीचा मध्यकाळ यासाठी अनुकूल असतो. होडी खुंट, जाळी व जलमार्गापासून दूर नांगरावी, काठी उभी न करता तंगुसाला अडकणारा लहान फळा वापरावा आणि आमिष खांब किंवा खडकाच्या आडोशापाशी प्रवाहाने नेऊ द्यावे. यात इंधन लागत नाही, होडी कलण्याचा धोका कमी राहतो आणि दुसऱ्याच्या जाळ्यावरून जाण्याचा प्रसंग येत नाही.

हा विचार नवा वाटला, तरी त्याची जात डोलीचीच आहे. साधन उभे करून पाण्याला काम करू देणे, तिथीवरून वेळ ठरविणे, उधाणात ताण सांभाळणे व पाणी थांबताच आवरते घेणे, हे सर्व ज्ञान येथील मच्छीमारांपाशी आधीपासून आहे. परकीय साधनाचा स्वीकार करताना त्याची मूळ कार्यपद्धती जशीच्या तशी उचलण्याऐवजी त्याचे तत्त्व स्थानिक ज्ञानाच्या चौकटीत बसविणे अधिक फलदायी ठरते.

८. साधनापलीकडील प्रश्न

मासळी घटण्याची कारणे केवळ साधनांत शोधणे अपुरे आहे. उल्हास व तिला मिळणारी वालधुनी यांच्या काठी औद्योगिक व नागरी वस्ती दाट आहे. सांडपाण्यामुळे पाण्यातील प्राणवायू घटला, तर सर्वोत्तम आमिषालाही प्रतिसाद देण्यास मासा शिल्लक राहत नाही. ठाणे खाडीचे पर्यावरणीय महत्त्व शासनाने मान्य केले आहे. २०१५ मध्ये तेथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. पक्ष्यांसाठी जे पाणी जपायचे, तेच पाणी मासळीचे व मच्छीमारांचेही आहे, ही जाणीव मात्र तितक्या प्रमाणात रुजलेली दिसत नाही. खाडीवरील पुलाच्या कामामुळे बाधित होणाऱ्या मच्छीमारांच्या भरपाईचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या उपजीविकेच्या हक्काची दखल घेतली, ही या संदर्भातील लक्षणीय घटना होय.

या पार्श्वभूमीवर साधन देणारी योजना आणि पाणी राखणारी योजना यांत निवड करावयाची झाल्यास दुसरीला अग्रक्रम द्यावा लागेल. नवीन साधन हे बिघडलेल्या पाण्यावरील उपाय असू शकत नाही. उलट, साधन देऊनही उत्पन्न वाढले नाही, की दोष मच्छीमाराच्या अकुशलतेवर ढकलला जाण्याचा संभव असतो.

या परिसरातील महाविद्यालयांना येथे निश्चित स्वरूपाचे काम करता येईल. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी फळ्याचा कोन, वेग व खेच यांचे मोजमाप साध्या काट्याने तलावात करावे. प्राणिशास्त्र विभागाने पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडून खाडीच्या गढूळपणाची वर्षभर नोंद ठेवावी. समाजशास्त्र व मराठी विभागांनी जाळी, होडी व प्रवाहासंबंधीचे कोळी-आगरी शब्द आणि हिशोब संकलित करावेत. या तिन्ही नोंदी एकत्र वाचल्या गेल्या, तरच कोणते साधन कोठे चालेल, याचे विश्वसनीय उत्तर मिळेल.

९. निष्कर्ष

१. तिरकस फळा हे प्रवाहाच्या जोराने बाजूस जाणारे साधे साधन असून त्याचे तत्त्व ट्रॉल जाळ्याच्या फळ्याशी समान, परंतु परिणाम त्याहून भिन्न आहे. ओढगळ व ट्रॉल या संज्ञा मराठीत वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे.

२. लहान होडीवर या पद्धतीची सज्जता करताना काठीची मजबुती, दोन्ही बाजूंचा तोल, कमकुवत जोड आणि वेगावरील नियंत्रण या बाबी मासा मिळण्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

३. जागा, प्रवाह, गढूळपणा व मासळीच्या जाती पाहता ठाणे व उल्हास खाडीत ही पूर्ण सज्जता उपजीविकेचे मुख्य साधन होऊ शकत नाही. नांगरलेल्या होडीतून लहान फळा वापरण्याचा मर्यादित प्रयोग मात्र तिथीच्या स्थानिक ज्ञानाशी सुसंगत आहे.

४. खाडीतील मच्छीमाराचा प्रश्न प्रथम पाण्याचा व हक्काचा आहे, साधनाचा त्यानंतर. कोणत्याही नव्या साधनाची शिफारस करण्यापूर्वी ते ज्याच्या हाती द्यावयाचे त्याच्या पाण्याचा आणि त्याच्या ज्ञानाचा अभ्यास होणे अगत्याचे आहे.